माप, दिवा आणि दहा मिनिटांचं लग्न

पत्र

ताई, माझ्या मुलाचं लग्न त्याच्याच ऑफिसातल्या एका मल्याळी मुलीशी ठरलंय. मुलगी गोड आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. घरचे नायर आहेत, गाव ओट्टपालमजवळ. लग्न गुरुवायूरच्या देवळासमोर करायचं म्हणतात, तेही ऐन चातुर्मासात. विधी किती वेळ चालतील असं विचारलं, तर मुलीची आई हसून म्हणाली, "दहा मिनिटं." अंतरपाट नाही, मंगलाष्टकं नाहीत, सप्तपदी नाही. याला लग्न म्हणायचं का? बैठकीत वडील गप्प बसले होते, सगळं बोलणं मुलीच्या मामानं केलं. मुलीच्या नावाला आडनावच नाही, पुढे नुसती दोन अक्षरं. काळे मणी त्यांच्यात घालत नाहीत. आणि आमच्याकडे सून माप ओलांडून घरात येते असं मी सांगितलं, तेव्हा तिच्या आईचा चेहरा एकदम उतरला. का, ते कळलं नाही. एकुलता एक मुलगा आहे हो. नात्यातले विचारतात, "मद्रासी सून आणताय का?" मी काय उत्तर देऊ?
एक वरमाय, ठाणे

उत्तर

वरमायबाई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे प्रश्न त्याच्याच पोटातून आलेले दिसतात. "मद्रासी" म्हणणाऱ्या नातेवाइकांना सांगा, की तुमची माहिती थोडी जुनी आहे. ओट्टपालम मलबार जिल्ह्यात होतं आणि तो जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 ला केरळ राज्य होईपर्यंत मद्रास राज्यात होता. म्हणजे मुलीच्या आजोबांना कोणी मद्रासी म्हटलं असतं तर निदान सरकारी कागदावर ते खरं ठरलं असतं. नातीला म्हणायला फार उशीर झाला. आणि एक गंमत सांगते. "केरळ" हा शब्द आपण मराठी माणसं नीट उच्चारतो. हिंदीवाल्यांचं "केरल" ऐकून माझ्या त्रिशूरच्या घरमालकीणबाई कपाळाला हात लावायच्या, आणि माझा ळ ऐकून खूश व्हायच्या. त्यांच्याकडे ळ तर आहेच, त्याच्या पुढचा ऴ पण आहे. तो मात्र चार वर्षांत मला एकदाही जमला नाही.

ती चार वर्षं ह्यांच्या बदलीची. त्या बाईंच्या घराचा वरचा मजला आमच्याकडे होता. पुढे जे लिहितेय त्यातलं बरंचसं त्यांच्या स्वयंपाकघरात शिकलेलं आहे.

आता दहा मिनिटं. गुरुवायूरचं पहिलं लग्न मी पाहायला गेले आणि ते माझं चुकलंच. बाईंच्या पुतणीचं लग्न होतं. मी पर्समधून चष्मा काढेपर्यंत नादस्वरमचा सूर चढला, तविलवाल्यानं एकदम घाई केली, बायकांनी जीभ हलवत "कुरवा" घातला आणि मंडपातली जोडी उतरायलाही लागली. ताली, म्हणजे त्यांचं मंगळसूत्र, बांधून झाली होती. मागे पुढची जोडी हार घेऊन उभी. चांगल्या मुहूर्ताच्या दिवशी तिथे शंभरावर लग्नं लागतात, त्यामुळे रेंगाळायची सोय नाही. हॉलमधलं नायर लग्न जरा ऐसपैस असतं. नवरीचा भाऊ नवऱ्याचे पाय धुतो आणि त्याबद्दल त्याला अंगठी मिळते. (आपल्याकडे भाऊ कान पिळून वसूल करतो, तिकडे पाय धुऊन. हिशेब तोच.) पेटलेली निलविळक्कु, म्हणजे उभी पितळी समई. शेजारी भातानं काठोकाठ भरलेला "परा", म्हणजे त्यांचं धान्याचं माप, त्यात खोचलेला नारळाच्या फुलोऱ्याचा तुरा. नवरा ताली बांधतो, हार घालतात, मग तो तिला "पुडवा" देतो. पुडवा म्हणजे ताटात ठेवलेलं कोरं वस्त्र. हल्ली वडील मुलीचा हात त्याच्या हातात देतात, दोघं समईभोवती फिरतात, की पानं मांडायला घेतात.

हे इतकं आटोपशीर का, ते समजून घेतलंत तर तुमचा निम्मा राग जाईल. नायरांमध्ये शतकानुशतकं मरुमक्कत्तायम् ही पद्धत होती. वंश आईकडून चालायचा. घराणं म्हणजे "तरवाड", आणि मुलं आईच्या तरवाडाची. पुरुषानं वस्त्र द्यायचं आणि बाईनं ते घ्यायचं, की नातं जुळलं. त्या नात्याला संबंधम् म्हणत. बऱ्याच भागांत बाई त्यानंतरही आपल्या आईच्याच घरी राहायची. नवरा यायचा, राहायचा, सकाळी आपल्या घरी परतायचा. उत्तर मलबारात बायका नवऱ्याकडे नांदायला जात, तेव्हा सगळीकडे एकच नियम होता असं मात्र धरू नका. 1896 साली मद्रास सरकारनं मलबारातले संबंधम् नोंदवण्यासाठी कायदा केला, तर नोंदणीला फार थोडे लोक गेले. आहे ते नातं लोकांना पुरेसं पक्कं वाटत होतं.

आता आपले विधी आठवा. कन्यादान, झाल, पाठवणी, उंबरठ्यावरचं माप, ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं नवं नाव. आपल्या लग्नाचा मोठा भाग मुलगी एका घरातून उचलून दुसऱ्या घरात रुजवण्यात जातो. ज्यांना मुलगी उचलायचीच नव्हती त्यांनी हे विधी कशासाठी केले असते? तुम्हाला जिथे उणीव दिसतेय तिथे तिच्या पणजीला आईचं घर सोडावं लागलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

यावरून तिकडे बायकांचं राज्य होतं अशी समजूत करून घेऊ नका. मालमत्ता बायकांच्या पोटी चालायची, पण किल्ल्या कारणवराच्या कमरेला. कारणवर म्हणजे घरातला थोरला पुरुष, म्हणजे बहुतेक वेळा आईचा भाऊ. मुलांचं शिक्षण, शेतीचा हिशेब, भाचीचा संबंध कोणाशी, हे सगळं तो ठरवायचा. जन्मदाता बाप पाहुण्यासारखा. "मरुमक्कत्तायम्" या शब्दातच भाचे बसलेत, कारण वारसा मामाकडून भाच्यांकडे जायचा. मल्याळममध्ये भाच्याला मरुमकन म्हणतात आणि जावयालाही मरुमकनच. कारणवरांच्या मनमानीला कंटाळून तरण्या नायरांनीच कायदे मागितले. मलबारात 1933 पासून वाटणी मागता येऊ लागली, आणि 1 डिसेंबर 1976 ला केरळनं एकत्र कुटुंब पद्धतच कायद्यानं संपवली. म्हणजे मुलीच्या आईचं लहानपण या पद्धतीच्या अगदी शेवटच्या टोकाला गेलेलं असणार.

कायदा संपला तरी सवय राहते. बैठकीत मामा बोलला आणि वडील गप्प बसले, त्याचं कारण हे. मामाला, म्हणजे "अम्मावन"ला, बोलू देणं हीच तिथली रीत आहे. वडिलांना कोणी दाबून ठेवलेलं नाही. आपल्याकडे तरी मुलीला बोहल्यावर कोण आणतं? मामाच ना? आणि तुमच्या आजीच्या देवघरात लक्ष्मी-सरस्वतीची तसबीर असेल, तर ती बहुतेक राजा रविवर्म्याची, किंवा त्याच्या नकलेची नक्कल. किळिमानूरच्या या मल्याळी माणसाला चित्रकलेचे पहिले धडे त्याच्या मामानंच दिले. 1894 मध्ये त्यानं मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून देव घरोघरी पोचले. मल्याळी माणूस आपल्या देवघरात शंभर वर्षांपूर्वीच आला. सून आता येतेय. तेव्हा आहेराची ताटं लावताना अम्मावनचं ताट वडिलांच्या ताटाइतकंच भरा. एवढ्या एका गोष्टीनं तुम्ही जितकं कमवाल तितकं पैठणीनं कमावणार नाही.

पैठणीवरून आठवलं. मुलीला लग्नातलं वस्त्र मुलाकडून जातं, म्हणजे पुडवा तुम्ही घ्यायचा आहे. त्यासाठी पैठणी नको, ती ठाण्याच्या समारंभाला ठेवा. ओट्टपालमपासून जवळच, नदीच्या पलीकडे कुत्ताम्पुळ्ळी हे विणकरांचं गाव आहे. हातमागावरची पांढरट-बदामी साडी, जरीचा काठ, तिला कसवु म्हणतात. एक दिवस आधी पोचा आणि मुलीच्या आईला बरोबर घेऊन जा. दोन विहिणी एका साडीवर वाकून काठ बघू लागल्या की भाषेची अडचण पाच मिनिटांत संपते.

चातुर्मासाचं आता. मल्याळी पंचांग सूर्याचं आहे, आपलं चंद्राचं. त्यांचं कोल्लवर्ष इसवी सन 825 पासून मोजतात आणि चिंगम हा त्याचा पहिला महिना, साधारण 17 ऑगस्टपासूनचा. चिंगमच्या आधीचा कर्किडकम त्यांना लग्नाला चालत नाही. तेव्हा मुसळधार पाऊस असतो, घरोघरी संध्याकाळी समईपुढे एऴुत्तच्छनचं रामायण वाचतात, औषधी पेज पितात, आणि कोणी शुभकार्य काढत नाही. तो सरला आणि चिंगम लागला, की लग्नांची नुसती झुंबड. म्हणजे तुम्ही देवउठनीची वाट बघता तशी ते चिंगमची वाट बघत बसलेले असतात. त्यांना तुळशीच्या लग्नापर्यंत थांबा म्हणणं म्हणजे आपल्याला कोणी "मार्गशीर्ष नको, पुढच्या आषाढात करू" म्हणण्यासारखं आहे. चातुर्मास तुमच्या मनाला फारच लागत असेल, तर लग्न त्यांच्या तिथीला होऊ द्या आणि सत्यनारायण, आपले विधी, स्वागत समारंभ हे सगळं तुळशीच्या लग्नानंतर ठाण्यात करा. गुरुवायूरच्या दहा मिनिटांत मंगलाष्टकं कोंबायचा हट्ट मात्र धरू नका. मागची जोडी तुमच्या तिसऱ्या कडव्याला मंडपात चढेल. प्रवासाचं सांगायचं तर त्या दिवसांत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं आणि गाडीला जास्त वेळ लागतो. लग्नाच्या आदल्या रात्री पोचायचा बेत करू नका.

आणि आता माप. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हेच.

मुलीच्या आईचा चेहरा का उतरला, ते मी तुम्हाला एका परावरून सांगते. आमच्या घरमालकीणबाईंकडे फणसाच्या लाकडाचा जुना परा होता, पितळी पट्ट्या मारलेला. वर्षातून एकदा देवळाच्या उत्सवात देवाची स्वारी हत्तीवरून दारोदार यायची, तेव्हा बाई तो परा अडगळीतून काढून पट्ट्या चिंचेनं घासायच्या, भातानं शिगोशीग भरायच्या आणि अंगणात समईशेजारी ठेवायच्या. आमचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. हत्ती बघायला तो जिन्यावरून धावत सुटला आणि त्याचा पाय पराला लागला. परा कलंडला नाही, चार दाणे सांडले फक्त. बाई एक शब्द बोलल्या नाहीत. वाकल्या, पराला हात लावला, तो हात डोळ्यांना लावला, आणि दाणे एकेक वेचून परत वर ठेवले. मी मात्र दिवसभर शरमेनं त्यांच्यासमोर गेले नाही.

आता त्या बाईंना तुम्ही सांगा, की आमच्याकडे नवी सून घरात येताना धान्यानं भरलेलं माप पायानं लवंडते. तुमच्या होणाऱ्या विहीणबाईंनी तेच ऐकलं. एकाच भरल्या मापाकडे बघून दोन्हीकडे "घर भरलेलं राहो" असंच म्हणतात. ते माप भरलेलं ठेवून म्हणतात, आपण ते घरात सांडून म्हणतो. आणि खरं सांगायचं तर धान्याला पाय लागला की आपणही पटकन हात लावून नमस्कार करतोच. लग्नाच्या दिवशी उंबरठ्यावर तेवढा विसरतो.

तिकडे सून सासरी येते ती पेटता दिवा हातात घेऊन, उजवं पाऊल टाकत. दिवा तिच्या हातात सासू देते. तेव्हा माझं सुचवणं असं: दारात माप ठेवा, तांदूळ भरा. सुनेला ते ओंजळीनं घरात ओतू द्या, मग तिच्या हातात तुम्ही स्वतः दिवा द्या. दिवा पेटवायला तुमचीच समई घ्या, नवी आणायची गरज नाही. जाऊबाई म्हणतील, "असं कुठे असतं का?" सांगा, आमच्याकडे असतं. मात्र हे सगळं ठरवण्याआधी मुलीला विचारा. बरीच वर्षं मुंबईत काढलेल्या मुलीला कदाचित पायानं माप ओलांडायचीच हौस असेल. तिनं हो म्हटलं तर तिच्या आईला तीच समजावेल. तुम्ही दोघींच्या मध्ये पडू नका.

काळ्या मण्यांचं फार मनावर घेऊ नका. ताली ही पानाच्या आकाराची लहानशी सोन्याची असते, आधी पिवळ्या दोऱ्यात, मग साखळीत. काळ्या मण्यांची माळ तिकडे माहीत नाही असंही नाही. करिमणी नावाचा जुना दागिना आहेच, फक्त तो सवाष्णीची खूण म्हणून घालत नाहीत. एका साखळीत वाट्या आणि ताली दोन्ही ओवून घेणाऱ्या मुली मी पाहिल्यात. काहीच न घालणाऱ्याही पाहिल्यात, आणि त्यात मराठी मुली जास्त होत्या.

नावाचं कोडं सोपं आहे. पुढची अक्षरं बहुतेक वेळा घराण्याच्या आणि वडिलांच्या नावाची असतात. के. आर. नारायणन आपले राष्ट्रपती होते. कोच्चेरिल हे त्यांचं घर, रामन हे वडील. पी. टी. उषाची दोन्ही अक्षरं घराच्या लांबलचक नावातली आहेत, पिलावुळ्ळकंडी तेक्केपरम्बिल. आडनाव नाही असं म्हणू नका, आडनाव पुढे लावलंय आणि आखूड केलंय. लग्नानंतर तिनं नाव बदलावं असं कायदा कुठेच म्हणत नाही. आणि ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहायची हौस असेल, तर मुलाला तिचं आहे तेच नाव लिहू द्या. एरवी बँकेत, पासपोर्टात आणि ऑफिसात दोन नावांचे खुलासे करत त्या पोरीचं एक वर्ष जाईल.

पत्रात नाही, पण विचारून ठेवते. सोन्याचं बोलणं झालंय का? हुंड्याला 1961 पासून बंदी असली तरी केरळातही तो पवनांच्या रूपानं येतो. एक पवन म्हणजे आठ ग्रॅम. त्यांनी आपण होऊन आकडा सांगितला, तर "जे घालाल ते तिचं, तिच्या लॉकरमध्ये राहील" एवढंच म्हणा आणि विषय बदला. त्यांच्या चांगल्या रिती शिकताना ही एक शिकायची नाही.

देवळात जायचं असेल तर पुरुषांनी कमरेला मुंडू, म्हणजे लुंगीसारखं नेसायचं वस्त्र, अंगात शर्ट नाही. पँट चालत नाही. बायकांना साडी उत्तम. लग्नाचे मंडप देवळाबाहेर, समोरच असतात, त्यामुळे मुलाचे ख्रिस्ती किंवा मुसलमान मित्र लग्नाला उभे राहू शकतात, आत मात्र त्यांना सोडत नाहीत. येसुदासांच्या आवाजातली गुरुवायूरप्पाची गाणी गावोगावी लागतात, पण जन्मानं ख्रिस्ती म्हणून खुद्द येसुदासांना आत जाऊ दिलेलं नाही. मला हे कधी पटलं नाही, पण मित्रांना आधी सांगून ठेवा, म्हणजे दारात अपमान नको. याच देवळासाठी 1931 मध्ये के. केळप्पन आणि ए. के. गोपालन यांनी सत्याग्रह केला, कारण अवर्ण हिंदूंनाही आत प्रवेश नव्हता. दार उघडलं 1947 मध्ये. त्याच वर्षी आपल्याकडे साने गुरुजी पंढरपूरसाठी उपोषणाला बसले होते. तेव्हा कोणी कोणाला सोवळेपणा शिकवू नये.

जेवणाची तालीम मात्र घरी करून जा. "सद्य", म्हणजे तिकडचं सणासमारंभाचं जेवण, केळीच्या पानावर वाढतात. पानाचं निमुळतं टोक तुमच्या डाव्या हाताला. आधी डावीकडे केळ्याचे तळलेले काप, गुळात घोळवलेले काप, इंजी करी, लोणची येतात, मग अवियल, ओलन, काळन, एरिश्शेरी, तोरन, पच्चडी. एवढी रांग लागली तरी भात येईपर्यंत थांबायचं. पहिला भात डाळ-तुपाबरोबर, त्यात पापड कुस्करून. दुसरा सांबाराबरोबर. सांबार वाढणारा चुलीवरून उतरवलेलं भांडं घेऊन धावतच येतो आणि तुमच्या भातावर धबाधबा ओततो. पानाला कड नसते हे मला तेव्हा कळलं, पातळ सांबार सरळ माझ्या मांडीवरच्या निऱ्यांत उतरलं. शेजारची आजी हसली आणि तिनं माझ्या भाताला बोटानं आळं करून दिलं. आपण आमटीसाठी करतो तस्संच आळं! चाळीस वर्षं आळं करणारी मी, परक्या पानावर विसरले. मग पायसम्, एक नव्हे, दोन-तीन. त्यात केळं आणि पापड चुरून खातात. नाक मुरडू नका, चव घेऊन बघा. शेवटी ताक. पुरे म्हणायला "मदी" म्हणायचं, आणि तेही हात पानावर आडवा धरून, नाहीतर वाढतातच. पाणी गुलाबीसर आणि कोमट असेल. त्यात पतिमुखम् नावाच्या लाकडाच्या ढलप्या उकळलेल्या असतात. ग्लास गढूळ आहे म्हणून परत करू नका, आमच्या आत्यानं केला होता. जेवण झालं की पान स्वतःकडे दुमडायचं. बाहेरच्या बाजूला दुमडतात ते दुःखाच्या जेवणाला. माझं पहिलं पान मी उलटं दुमडलं होतं. बाईंनी काही न बोलता ते उलगडून पुन्हा माझ्याकडे दुमडून ठेवलं.

आता पहिल्या वर्षाची एक सूचना, आणि ही घरी सगळ्यांनी मिळून वाचा. ओणम बहुतेक वेळा आपल्या गणपतीतच येतो. 2024 मध्ये चतुर्थी 7 सप्टेंबरला आणि तिरुओणम, म्हणजे ओणमचा मुख्य दिवस, 15 ला, 2025 मध्ये 27 ऑगस्ट आणि 5 सप्टेंबर. 2023 सारखं अधिक महिन्याचं वर्ष असलं की मात्र ओणम आधी उरकतो. म्हणजे ज्या दिवसांत तुम्हाला सून घरात हवी, त्याच दिवसांत तिचं घर लेक-जावयाची वाट बघतंय. तुमच्या घरी गणपती दीड दिवसांचा असेल तर भांडणच नाही, विसर्जन करून दोघांना गाडीत बसवा. दहा दिवसांचा असेल तर एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे, आणि हे लग्नाआधीच ठरवून टाका. जाताना त्यांच्या घरच्या सगळ्यांना नवं कापड पाठवा, त्याला ओणक्कोडी म्हणतात. ओणमला येतो कोण, तर बळी. त्यांचा महाबली वर्षातून एकदा आपली प्रजा बघायला येतो, म्हणून दारात फुलांची रांगोळी. आणि आपण दिवाळीत ओवाळताना काय म्हणतो? इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. मुलीच्या वडिलांना हे मराठीतून म्हणून दाखवा आणि अर्थ सांगा. बैठकीत गप्प बसलेला माणूस बोलायला लागेल, पैज लावते. त्यांच्याकडे म्हण आहे, "काणम् विट्टुम् ओणम् उण्णणम्", म्हणजे जमीनजुमला विकावा लागला तरी ओणमचं जेवण जेवायचंच. आपण "ऋण काढून सण" म्हणतो ते नावं ठेवायला, ते अभिमानानं म्हणतात.

भाषा शिकायला वेळ नाही हे कळतं. दोन वाक्यं पुरतील. कोणी भेटलं की "ऊण कऴिच्चो?" म्हणजे जेवलात का? हे वाक्य तुम्ही आयुष्यभर मराठीत म्हणत आलायत, फक्त शब्द बदला. आणि निघताना "पोयिट्टु वराम्", म्हणजे जाऊन येते. नुसतं "जाते" तिथेही म्हणत नाहीत.

तुमच्या यजमानांना मुंडूची सवय नसणार. हल्ली वेल्क्रो लावलेले मिळतात, तोच घ्या. तिथले पुरुष चालताना मुंडू गुडघ्यापर्यंत दुमडतात आणि वडीलधारं माणूस समोर आलं की चटकन खाली सोडतात. हे सोडणं म्हणजे त्यांचा नमस्कार. यजमानांनी दुमडायच्या भानगडीत पडूच नये. आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत तो नेसून चार जिने चढून-उतरून बघायला सांगा. निदान दहा मिनिटं तरी टिकायला हवा.